हॉल नेमका कुणाचा?

नवरात्र जवळ आलं की आमच्या अंबरनाथ पूर्वेला एक ठरावीक आवाज सुरू होतो. प्लायवुड कापायच्या मशीनचा. एका बिल्डिंगमध्ये थांबला की शेजारच्या बिल्डिंगमध्ये सुरू. जिन्यात भुसा, लिफ्टमध्ये पीओपीच्या गोण्या, गेटपाशी सनमायकाचे तुकडे. कुणाला विचारावं, "काय काढलंय?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, दिवाळीच्या आत हॉल करून घेतोय."

हॉल 'करतात'. बेडरूमला रंग देतात, किचनमध्ये ट्रॉल्या बसवतात, पण 'करतात' तो हॉल. आणि तो कुणासाठी करतात हेही लपवत नाहीत. "चार लोक येतात-जातात, बरं दिसत नाही."

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. तुमचा बंगला असेल, पाच खोल्या असतील, तर त्यातली एक पाहुण्यांसाठी सजवून कुलूप लावून ठेवा, माझी काही तक्रार नाही. पण आमच्याकडच्या वन बीएचकेमध्ये पाहुण्यांसाठी म्हणून हॉल सजवणं ही आता हौस राहिलेली नाही. घरात राहणाऱ्या माणसांकडून त्यांच्या घरातली सगळ्यात चांगली जागा काढून घेणं आहे ते. आणि ती काढून घेताना आपण अतिथीधर्माचं नाव सांगतो, हे मला जास्त खटकतं.

आधी जरा हिशेब करू. हिशेबाला कुणी भावनिक म्हणत नाही.

समजा फ्लॅटचा कार्पेट एरिया ३८० चौरस फूट आहे. (रेरा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, त्यामुळे आता निदान कार्पेटचा आकडा तरी कागदावर मिळतो. आम्ही घर घेतलं तेव्हा सुपर बिल्टअप नावाची माया होती.) त्यात हॉल चौदा बाय दहा, म्हणजे १४० चौरस फूट. घराच्या एक तृतीयांशाहून जास्त. वीस वर्षांचं कर्ज म्हणजे २४० हप्ते. त्यातले साधारण ८८ हप्ते एकट्या हॉलचे झाले. सात वर्षं आणि वर चार महिने तुम्ही सकाळी खच्चून भरलेल्या लोकलला लोंबकळत जाता, ते त्या एका खोलीसाठी. आणि त्या खोलीत मुलानं पाय वर घेऊन बसलं की तुम्ही ओरडता, "सोफ्यावर पाय नको!"

त्यात आणखी एक गोष्ट आहे जी प्लॅनवर दिसत नाही. आमच्या भागातल्या बहुतेक जुन्या बिल्डिंगांत बाल्कनी किंवा मोठी खिडकी असते ती हॉललाच. बेडरूमची खिडकी उघडते ती शेजारच्या बिल्डिंगच्या पाइपांवर. म्हणजे घरातला उजेड, वारा, रस्त्यावरची जाग, समोरचं गुलमोहराचं झाड, सगळं हॉलच्या वाट्याला. आपण नुसती मोठी खोली राखून ठेवत नाही, हवा आणि उजेडही राखून ठेवतो. येणाऱ्यांसाठी!

बरं, येतं कोण?

मी एकदा वर्षभर कालनिर्णयवर खूण करून बघितलं. जे पाहुणे आल्यावर खरोखर 'हॉल' लागतो, म्हणजे ट्रेमधून पाणी, बिस्किटांची बशी आणि टीव्ही बंद, असे प्रसंग वर्षात नऊ भरले. बाकी येणारी सगळी माणसं घरचीच. शेजारीण सरळ किचनच्या दारात येऊन उभी राहते. मुलाचे मित्र बेडरूममध्ये घुसतात. बहीण येते ती ओट्याला टेकून बोलते, कारण आम्हाला बोलायचं असतं तेव्हा माझ्या हाताखाली कणीक असते.

दादर-गिरगावच्या नातेवाइकांचं तर विचारूच नका. सीएसएमटीपासून अंबरनाथ साठेक किलोमीटर. "तुमच्याकडे यायचं म्हणजे गावाला आल्यासारखंच!" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. रविवारी यावं तर मेगाब्लॉक, इतर दिवशी यावं तर गर्दी. वर्षातून एक दिवस मात्र हमखास येतात, महाशिवरात्रीला. १०६० सालचं शिवमंदिर आमच्या पूर्वेलाच, आणि त्या दिवशी दर्शनाची रांग कुठून कुठे जाते ते अंबरनाथकरांना सांगायला नको. रांगेत चार-पाच तास उभे राहून आलेले हे पाहुणे घरात शिरले की काय मागतात? आधी बाथरूम. मग पाणी. मग साबुदाण्याची खिचडी. मग पंख्याखाली, चक्क फरशीवर, आडवे होतात. "गार वाटतं गं फरशीवर," म्हणतात. टीव्हीमागच्या पॅनेलला लावलेल्या लपलेल्या दिव्यांकडे आजवर एकाही भाविकानं मान वर करून बघितलेलं नाही.

आता शब्दांकडे बघा, मला त्यात फार गंमत वाटते. 'हॉल' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. मध्ययुगातल्या इंग्लंडात हॉल म्हणजे घरातली मुख्य मोठी खोली, जिथे घरातले सगळे, नोकरचाकरांसकट, जेवायचे आणि रात्री बरेचसे तिथेच झोपायचे. मधोमध शेकोटी. म्हणजे शब्द आणला सगळ्यांच्या खोलीचा आणि वापरला कुणीच न वापरायच्या खोलीला. 'ड्रॉइंग रूम' त्याहून मजेशीर. तिथे चित्रं काढायचा काही संबंध नाही. मूळ शब्द 'विथड्रॉइंग रूम', चारचौघांतून उठून एकांतात जायची खोली. आणि आपला 'दिवाणखाना' फारसीतून आलेला. दिवाण म्हणजे दरबार, कचेरी. मुळात ती कामकाजाची जागा. श्रीमंतांच्या वाड्यात तिथे पुरुष बसायचे, बैठकी व्हायच्या, आणि घरातल्या बायका माजघरात आणि स्वयंपाकघरात.

ही दिवाणखान्याची सवय आपल्या हाडात किती मुरली आहे बघा. वाडे पडून त्यांच्या जागी बिल्डिंगा आल्या, तरी हॉलमध्ये बसलेल्यांना चहा आतूनच येतो. १४० फुटांच्या दिवाणखान्यात पाहुणे आणि घरचे पुरुष, आणि ७० फुटांच्या किचनमध्ये दोन बायका आणि गॅस.

सामान्य घरात दिवाणखाना नव्हताच. तिथे ओसरी होती. आल्यागेल्यानं ओसरीवर टेकावं, गूळपाणी घ्यावं, बोलावं आणि जावं. पाहुणा नसेल तेव्हा तिथेच धान्य निवडलं जायचं, पोरं पाढे म्हणायची, म्हातारी वाती वळायची. ओसरी खास पाहुण्यासाठी कुणी राखून ठेवली नव्हती, ती रोज वापरात होती म्हणून पाहुण्यालाही तिथे बरं वाटायचं. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. ओसरीवर कुणाला बसू द्यायचं आणि कुणाला अंगणातच उभं ठेवायचं हे जातीवर ठरायचं, ते विसरून ओसरीचे गोडवे गाणं हा खोटेपणा आहे. पण जागा कशी वापरावी एवढं तरी ओसरीकडून शिकायला हरकत नाही.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, "अहो, पण आपल्या संस्कृतीत पाहुणा म्हणजे देव!"

अगदी बरोबर. हे आलं तैत्तिरीय उपनिषदातल्या शीक्षावल्लीतून. शिक्षण पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतात, त्यात. पण तो उपदेश आपण शेवटून वाचतो. तिथे देव मानायला सांगितलेली माणसं चार आहेत आणि त्यांना क्रम आहे. पहिली आई. दुसरे वडील. तिसरे गुरू. पाहुणा चौथा! पर्यटन खात्यानं चौथा तेवढा उचलून जाहिरातीत घातला ते समजू शकते, त्यांचा तो धंदाच आहे. आपण घरात तेच का करायचं? पहिला देव ओट्यापाशी उभा, दुसरा देव आतल्या खोलीत कॉटवर, आणि चौथ्या देवासाठी एलईडी पट्ट्या.

मी हे सगळं नुसतं टिंगल म्हणून लिहीत नाही. हॉल सजवण्यामागचं मन मला कळतं.

आमच्या बिल्डिंगमधली निम्मी कुटुंबं परळ-लालबागकडून आलेली. १९८२ चा गिरणी संप कुणाच्या वडिलांनी भोगलेला, कुणाच्या आजोबांनी. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं. पाहुणा आला की पोरांना गॅलरीत हाकलायचं, कॉटखालची पेटी ओढून त्यावर चादर टाकायची आणि "बसा" म्हणायचं. त्या घरात वाढलेल्या माणसाला वाटणारच, की एक खोली अशी असावी जिथे कुणाला हलवावं लागू नये. आमच्या शेजारी उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलं, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. बराकींत पडदे लावून ज्यांनी संसार केले, त्यांच्याच गावात पुढे फर्निचरचा एवढा मोठा बाजार उभा राहिला, की आज अख्ख्या पंचक्रोशीतले सोफे तिथून येतात. मला हा योगायोग वाटत नाही.

आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. वेस्ट इंडीजच्या बेटांवरून दुसऱ्या महायुद्धानंतर जी माणसं लंडनला कामाला गेली, त्यांना घरमालक खोली भाड्यानं द्यायला नकार द्यायचे. पुढे स्वतःचं घर झाल्यावर त्या लोकांनी एक खोली अशीच सजवली. क्रोशाचे रुमाल, प्लास्टिकची फुलं, काचेचं कपाट, त्यात न वापरायचे ग्लास. पोरांना एरवी तिथे मज्जाव. मायकेल मॅकमिलन या लेखक-कलावंतानं अशी एक खोली २००५-०६ मध्ये लंडनच्या जेफ्री म्युझियममध्ये प्रदर्शन म्हणून मांडली होती. वर्णन वाचताना मला वाटलं, अरे, हा तर आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल! ज्यांना बाहेर मान मिळत नाही ते घरात मानाची एक खोली करतात. त्या खोलीला हसणारी मी कोण?

पण मान मिळवायचा म्हणून आपल्याच माणसांना किती दिवस पेटीवर बसवायचं? चाळीत जागाच नव्हती, नाइलाज होता. आता जागा आहे आणि आपण ती वापरायची नाही असं ठरवलं आहे. नाइलाज संपल्यावरही जी सवय उरते तिला मान म्हणत नाहीत.

आणि हॉल सजवायचं आणखी एक कारण असतं, ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. घरात लग्नाची मुलगी किंवा मुलगा असतो. बघायला येणारी माणसं. कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्या एका तासात समोरचे लोक पडद्यांवरून पगार ओळखणार, सोफ्यावरून स्वभाव ओळखणार, अशी भीती. त्या तासासाठी दोन-अडीच लाखांचं फर्निचर होतं. कर्ज काढूनसुद्धा होतं. माझं एवढंच म्हणणं आहे, की जी माणसं तुमच्या मुलीला सोडून तुमचं सीलिंग बघतात, त्यांच्या घरी ती मुलगी पाठवायची घाई काय आहे?

आता किंमत सांगते. रुपयांतली नाही.

ओळखीच्या एका घरातला दहावीचा मुलगा वर्षभर पॅसेजमध्ये वॉशिंग मशीनवर वही ठेवून अभ्यास करत होता. उभ्यानं. हॉलमध्ये टेबल ठेवलं तर 'लुक' जातो म्हणून. हॉलमध्ये काचेचं सेंटर टेबल होतं, गुडघ्याएवढं, त्यावर काचेचा हंस. हंसाला जागा होती.

आणि आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा. पक्षाघातानं अंथरूण धरलेलं. त्यांना आतल्या बेडरूममध्ये ठेवलं होतं, त्या पाइपांकडच्या खिडकीच्या खोलीत. भर दुपारी ट्यूबलाइट. घरची माणसं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. औषधं वेळेवर, डायपर वेळेवर, रात्रपाळीची बाई ठेवलेली. फक्त त्यांची कॉट हॉलमध्ये आणावी असं कुणाच्या मनात आलं नाही. कारण हॉलमध्ये आजारी माणूस, युरिनची पिशवी, औषधांचा वास... बरं दिसत नाही. कोणी भेटायला आलं तर हॉलमध्ये बसायचं, पोहे खायचे, निघताना आत डोकावून "काळजी घ्या हं" म्हणायचं. दीड वर्षं असं चाललं. आजोबा गेले तेव्हा सोफे गॅलरीत काढले, सेंटर टेबल शेजारी ठेवलं आणि आजोबांना हॉलमध्ये आणलं. तासाभरासाठी.

मी त्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले होते. सकाळची वेळ होती, बाल्कनीतून खूप छान ऊन आत येत होतं.

पुढे माझे सासरे आजारी पडले. आप्पा. काडेपेटीच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेलं, माणसांची सवय असलेला माणूस. फाउलर बेड भाड्यानं आणला तेव्हा तो हॉलमध्ये, बाल्कनीपाशी लावायचा हे आम्ही दोघांनी एका मिनिटात ठरवलं. थ्री सीटर दिराकडे पाठवून दिला. घरात येणाऱ्या प्रत्येकाला दार उघडताच आधी आप्पा दिसायचे, आणि आप्पांना सगळे. भाजीवाला दारात आला तरी ते भाव विचारायचे. मुलगी त्यांच्या पायथ्याशी बसून अभ्यास करायची. रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली की म्हणायचे, "आज पोरं कमी दिसतायत, सुट्टी आहे का?" शेवटचे चार महिने ते असे रस्त्यावर लक्ष ठेवून होते.

आणि पाहुणे? जास्त यायला लागले! कारखान्यातले जुने दोस्त, पूर्वी कधी घरी न आलेले, येऊन बेडच्या कडेला बसायचे, पत्ते मांडायचे. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या तर कुणी जमिनीवर बसायचं. मी त्या चार महिन्यांत एकदाही ट्रे काढला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे काही माझं नवं तत्त्वज्ञान नाही. आपल्याकडे दरवर्षी त्याचं प्रात्यक्षिक होतं. गणपतीत हॉलचं काय करता, आठवा. सोफा भिंतीला उभा किंवा शेजाऱ्यांकडे, सेंटर टेबल कॉटखाली, सतरंजी अंथरलेली. आरतीला अख्खा मजला त्या चौदा बाय दहामध्ये मावतो. जेवायला पंगत तिथेच, रात्री तिथेच पत्ते, तिथेच रांगेत गाद्या. घर सगळ्यात सुंदर त्या दीड नाहीतर पाच दिवसांत दिसतं, असं तुम्हीच म्हणता. मग बाकीच्या साडेतीनशे दिवसांसाठी त्याच्या बरोबर उलट का करता?

अमेरिकेत एडवर्ड बोक नावाचा एक संपादक होता. त्यानं १८९५ पासून आपल्या मासिकात मध्यमवर्गीय घरांचे नकाशे छापायला सुरुवात केली, आणि त्यातून पाहुण्यांची न वापरली जाणारी बैठकीची खोली काढूनच टाकली. त्याचा आग्रह होता, की त्या जागी राहायची खोली हवी. 'लिव्हिंग रूम' हा शब्द तिकडे रुजवण्यात त्याचा मोठा वाटा मानतात. आपण तोही शब्द घेतला आहे. ब्रोशरवर तर हल्ली तोच असतो. पण तिथे 'लिव्हिंग' करू कोण देतंय!

तेव्हा माझी विनंती साधी आहे. सजवू नका असं मी म्हणत नाही. रंग द्या, चांगले पडदे लावा. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो म्हणून सीलिंग केलं तर तेही समजू शकते. फक्त सुताराला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. मंगळवारी दुपारी चार वाजता या खोलीत कोण बसणार आहे? मुलाची वही कुठे राहणार? आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर त्याची कॉट या खिडकीपाशी लागेल का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की मग हंस घ्या, हवे तेवढे घ्या.

पाहुण्यांची काळजी करू नका. आपल्या भाषेत त्यांच्यासाठी फार चांगली सोय आहे. चौथ्या सीटची सवय असलेल्या आपल्या लोकलमध्ये ती रोज वापरतो आपण. पाहुणा आला, की घरच्यांनी जरा सरकून बसायचं.